एकदाच पाठवा: लॅबच्या सामायिक प्रिंटरवर टर्मिनलमधून छपाई

सबमिशनचा आठवडा आला की कॉलेजच्या संगणक लॅबमध्ये प्रिंटरजवळ हमखास गर्दी होते. कुणी जर्नलची फाईल पाठवतो, कागद बाहेर येत नाही. तो पुन्हा पाठवतो, मग तिसऱ्यांदा, मग शेजारच्या मशीनवर बसून चौथ्यांदा. तासाभराने कुणीतरी अडकलेला कागद काढतं, रांग सुरू करतं, आणि एकाच प्रोग्रामच्या चाळीस प्रती धडाधड बाहेर पडतात. पुढचे दोन तास ज्याला खरंच एक पान हवं आहे तो ताटकळत उभा राहतो. प्रिंटर खराब नसतोच. रांग थांबलेली असते आणि ती थांबली आहे हे एका कमांडने कळलं असतं. सामायिक प्रिंटरवर छापताना फाईल पाठवण्यापेक्षा रांग वाचता येणं महत्त्वाचं, असं माझं ठाम मत आहे.

इथे लॅब म्हणजे तीस-चाळीस लिनक्स मशीन, सगळ्यांच्या होम डिरेक्टरी एका फाईल सर्व्हरवर, कोपऱ्यात एक-दोन लेझर प्रिंटर, आणि त्यांच्यापुढे कप्स (लिनक्सवर छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम) चालवणारा प्रिंट सर्व्हर. प्रिंटरची नावं लॅब१ आणि लॅब२ धरू. कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे अर्थातच इंग्रजी, आणि मी मुद्दाम ‘कॅपिटल’ म्हणत नाही तोवर सगळी अक्षरं स्मॉल.

एलपी की एलपीआर

एकाच कामाला दोन कमांड आहेत, कारण युनिक्सची दोन घराणी होती. एलपी आली सिस्टिम फाइव्हकडून, एलपीआर आली बर्कलीकडून. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये कप्स लिहायला घेतलं, १९९९ मध्ये ते लोकांच्या हाती आलं, आणि त्यात दोन्ही घराण्यांच्या कमांड ठेवल्या गेल्या. आज दोन्ही एकाच सर्व्हरशी बोलतात, पण पर्यायांची अक्षरं जुळत नाहीत आणि चुका तिथेच होतात. एलपीआरमध्ये कॅपिटल पी म्हणजे प्रिंटरचं नाव. एलपीमध्ये कॅपिटल पी म्हणजे कोणती पानं छापायची त्यांची यादी, आणि प्रिंटरचं नाव द्यायला डी. एलपीआरची सवय असलेला माणूस एलपीला कॅपिटल पी देऊन लॅब२ लिहितो. एलपी ती पानांची यादी समजते आणि काम लॅब२कडे जातच नाही. प्रतींची संख्याही वेगळी लिहायची: एलपीमध्ये एन, एलपीआरमध्ये हायफननंतर हॅशचं चिन्ह.

नव्याने शिकणाऱ्याने एलपीच वापरावी. काम स्वीकारलं गेलं की एलपी लगेच ‘रिक्वेस्ट आयडी इज लॅब१-२४७’ अशी ओळ दाखवते. हा २४७ आकडा म्हणजे तुमची पावती. एलपीआर काहीच बोलत नाही. स्क्रीनवर काही दिसलं नाही की माणसाला वाटतं गेलं नसेल, आणि बोट पुन्हा एंटरवर जातं.

पाठवण्याआधीची दोन मिनिटं

आधी टाइप करा:

एलपीस्टॅट -पी -डी

यात प्रत्येक प्रिंटर मोकळा आहे, छापतोय की बंद आहे ते दिसतं, आणि शेवटी डीफॉल्ट कोणता ते. यादी रिकामी आली तर तुमचं मशीन प्रिंट सर्व्हरपर्यंत पोचलेलं नाही. बहुतेक वेळा कारण असं असतं की प्रिंटर आपोआप शोधण्याची पद्धत मल्टिकास्टवर (एकाच वेळी अनेक मशीनना जाणाऱ्या संदेशांवर), यूडीपीच्या ५३५३ पोर्टवर चालते, आणि ही पॅकेट एका सबनेटमधून, म्हणजे नेटवर्कच्या एका तुकड्यातून, दुसऱ्यात जात नाहीत. लॅब एका व्हीलॅनवर (अशाच वेगळ्या केलेल्या तुकड्यावर) आणि सर्व्हर दुसऱ्यावर असेल तर प्रिंटर दिसणारच नाहीत. अशा ठिकाणी शोधाशोध बंद करून ईटीसीखालच्या कप्स फोल्डरमधल्या क्लायंट.कॉन्फ फाईलमध्ये सर्व्हरनेम आणि त्यापुढे सर्व्हरचा पत्ता अशी एक ओळ लिहावी. मग त्या मशीनवरच्या सगळ्या कमांड थेट त्याच सर्व्हरशी, ६३१ पोर्टवर बोलतात. ही फाईल बदलायचा अधिकार तुम्हाला नसेल तर एका कामापुरतं एलपी -एच आणि सर्व्हरचा पत्ता एवढंही पुरतं.

आपोआप प्रिंटर जोडणारी कप्स-ब्राउज्ड ही सेवा लॅबच्या मशीनवर गरज नसेल तर बंदच ठेवा. सप्टेंबर २०२४ मध्ये तिच्यातली गंभीर त्रुटी उघड झाली. ती यूडीपीच्या ६३१ पोर्टवर कुठूनही आलेलं पॅकेट मानत होती, त्यामुळे बाहेरच्या माणसाला खोटा प्रिंटर जोडता येत होता, आणि त्या प्रिंटरवर कुणी काही छापलं की त्याला हवी ती कमांड तुमच्या मशीनवर चालत होती. दुरुस्त्या आल्या आहेत, पण सर्व्हरचा पत्ता हाताने लिहिलेला असेल तर ही सेवा लागतच नाही.

डीफॉल्ट प्रिंटरचा घोळ सामायिक मशीनवर जास्त होतो. एलपीऑप्शन्स -डी लॅब१ असं दिलं की ती निवड तुमच्या होम डिरेक्टरीतल्या एका लपलेल्या फाईलमध्ये लिहिली जाते. होम डिरेक्टरी फाईल सर्व्हरवर आहे, म्हणजे निवड तुमच्याबरोबर प्रत्येक लॅबमध्ये जाते. आज दुसऱ्या इमारतीत बसून काम पाठवलंत तरी कागद पहिल्याच इमारतीत पडतात, आणि तुम्ही समोरच्या प्रिंटरकडे बघत बसता. शिवाय लॉगिन स्क्रिप्टमध्ये कुणी एलपीडेस्ट किंवा प्रिंटर (दोन्ही पूर्ण कॅपिटलमध्ये) हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवलं असेल तर ते या फाईलवरही मात करतं, आणि दोन्ही असतील तर एलपीडेस्टचं चालतं. या सगळ्यांपेक्षा वरचढ म्हणजे कमांडमध्ये स्पष्ट लिहिलेलं नाव. म्हणून प्रत्येक वेळी -डी लिहा. पाच अक्षरांचा त्रास आहे, पण इमारत चुकत नाही.

मग फाईल तपासा. पीडीएफइन्फो ही कमांड पानांची संख्या आणि कागदाचा आकार सांगते. ए-फोरचा आकार पॉइंटमध्ये ५९५ गुणिले ८४२, लेटर या अमेरिकी कागदाचा ६१२ गुणिले ७९२. आपल्याकडे ट्रेमध्ये ए-फोर असतो, पण परदेशी साच्यावरून केलेली फाईल किंवा बदल न केलेला ड्रायव्हर लेटर मागतो. प्रिंटर तो कागद भरण्याची वाट बघत दिवा लुकलुकवत थांबतो, आणि त्याच्यामागची अख्खी रांग थांबते. मिलिमीटरमध्ये ए-फोर २१० गुणिले २९७ आणि लेटर २१६ गुणिले २७९, म्हणजे नुसता कागद बदलूनही भागत नाही, मजकूर बसवावा लागतो. संपूर्ण कमांड अशी:

एलपी -डी लॅब१ -ओ मीडिया=ए४ -ओ फिट-टू-पेज -ओ साइड्स=टू-साइडेड-लाँग-एज जर्नल.पीडीएफ

उभ्या पानांना लाँग-एज, आडव्या पानांना शॉर्ट-एज. उलटं दिलं तर मागची बाजू डोकं खाली करून छापली जाते. प्रिंटर पाठपोट छापणारा असूनही एकाच बाजूला छापत असेल तर एलपीऑप्शन्स -पी लॅब१ -एल देऊन बघा. समोर आलेल्या यादीत सध्याच्या निवडीपुढे तारा असतो. डुप्लेक्सर (पाठपोट छापणारा भाग) बसवलेला नाही अशी नोंद तिथे दिसली तर दोष तुमच्या कमांडचा नाही. ड्रायव्हर बसवताना तो भाग नोंदवायचा राहून गेला आहे आणि तो लॅब प्रशासकालाच दुरुस्त करता येतो.

मोजकी पानं हवी असतील तर -ओ पेज-रेंजेस=३-७,१२. हे आकडे फाईलमधल्या क्रमाचे, पानाच्या तळाशी छापलेले नव्हेत. मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका धरून पहिलं प्रकरण पाचव्या पानावर सुरू होत असेल तर ५ लिहायचं. नंबर-अप=२ दिलं की एका बाजूला दोन पानं बसतात. वाचून टाकून द्यायच्या मसुद्याला हे पुरेसं असतं.

डॉक आणि मराठी मजकूर

एलपीला डॉकएक्स किंवा ओडीटी फाईल दिली की ‘अनसपोर्टेड डॉक्युमेंट फॉरमॅट’ असा नकार येतो. आधी पीडीएफ करावी लागते:

सॉफिस --हेडलेस --कन्व्हर्ट-टू पीडीएफ अहवाल.ओडीटी

तुमचंच लिबरऑफिस दुसऱ्या खिडकीत किंवा दुसऱ्या मशीनवर उघडं असेल तर ही कमांड फाईल न बनवताच परत येऊ शकते, कारण दोघांना एकच प्रोफाइल फोल्डर हवं असतं आणि त्याला कुलूप लागलेलं असतं. सामायिक होम डिरेक्टरीमुळे हे लॅबमध्ये वारंवार घडतं. उघडी खिडकी बंद करा, नाहीतर यूझर-इन्स्टॉलेशनचा मार्ग टेम्प फोल्डरमध्ये वेगळा द्या.

मराठी साध्या टेक्स्ट फाईलचं मात्र वेगळंच दुखणं आहे. कप्समधला मजकूर छापणारा फिल्टर एकामागून एक अक्षरचिन्ह जागेवर ठेवत जातो. देवनागरीत तेवढ्याने भागत नाही. पहिली वेलांटी लिहिताना व्यंजनानंतर येते पण दिसते त्याच्या आधी, जोडाक्षरांत अर्धी अक्षरं होतात, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. ही मांडणी कळणारा प्रोग्राम मध्ये नसला की ‘विद्यार्थी’ची वेलांटी भलतीकडे पडते, द आणि य यांच्यामध्ये हलन्त उघडा दिसतो, किंवा सगळ्याच जागी चौकोन येतात. संगीतरचना असो की गावाच्या सभेचं इतिवृत्त, मराठी मजकूर असा मोडका छापून कुणाच्या हातात देऊ नये. पॅप्स हा छोटा प्रोग्राम पँगो लायब्ररी वापरतो आणि तिला देवनागरीची मांडणी नीट कळते:

पॅप्स --फाँट="नोटो सॅन्स देवनागरी ११" --पेपर=ए४ टिपण.टीएक्सटी | एलपी -डी लॅब१

फाँट ज्या मशीनवर पॅप्स चालतो तिथे बसवलेला असला पाहिजे, प्रिंट सर्व्हरवर नसला तरी चालतं. एफसी-लिस्ट कमांडने लोहित किंवा नोटो आहे का ते बघून घ्या.

युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाईलला हा उपाय लागू पडत नाही. त्या फाईलमध्ये खरं तर रोमन अक्षरांचेच संकेत असतात आणि फाँट फक्त त्यांचं रूप बदलून दाखवतो. टर्मिनलमधून छापली की इंग्रजी अक्षरांची खिचडी बाहेर येते. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, किंवा तो फाँट असलेल्या मशीनवर पीडीएफ करा. पीडीएफ आणल्यावर पीडीएफफाँट्स कमांडने ‘एम्ब’ या रकान्यात प्रत्येक फाँटपुढे येस आहे का ते पाहा. नो असेल तर फाँट फाईलमध्ये गेलेलाच नाही, आणि सर्व्हर त्याच्या जागी भलताच घेईल.

जर्नलसाठी सी किंवा पायथनचा कोड छापायला एनस्क्रिप्ट छान आहे. कॅपिटल सी दिला की ओळींना क्रमांक मिळतात, कॅपिटल एमनंतर ए४ (ए कॅपिटल) दिला की कागद ठरतो. पण एनस्क्रिप्टला युटीएफ-८ कळत नाही, म्हणून मराठीत टिप्पण्या लिहिल्या असतील तर तिथेही पॅप्सच वापरा.

काम अडकलं तर

पावतीचा आकडा हातात आहे. आता एलपीक्यूला कॅपिटल पी देऊन लॅब१ची रांग बघा. इतरांच्या फाईलची नावं दिसत नसतील तर घाबरू नका, कप्स ती मुद्दाम झाकून ठेवतं.

प्रत्येक रांगेला दोन वेगवेगळी बटणं असतात. एक, नवी कामं घ्यायची की नाही. दुसरं, घेतलेली कामं प्रिंटरकडे पाठवायची की नाही. पहिलं एलपीस्टॅट -ए मध्ये दिसतं, दुसरं एलपीस्टॅट -पी मध्ये. कामं घेणं चालू आणि पाठवणं बंद, ही जोडी सगळ्यात घातक. एलपी आनंदाने पावती देत राहते आणि कागद काही निघत नाही. हे आपोआप होतं, कारण कप्सचं मूळ धोरण स्टॉप-प्रिंटर आहे: नेटवर्कची केबल क्षणभर निघाली किंवा प्रिंटरशी बोलणं फसलं की रांग थांबते आणि माणसाने सुरू करेपर्यंत थांबूनच राहते. लॅबमधल्या प्रिंटरसाठी हे धोरण मला पटत नाही. प्रशासकाने एलपीअॅडमिनने प्रिंटर-एरर-पॉलिसी=रीट्राय-जॉब असं बदलावं, म्हणजे केबल परत लागली की काम थोड्या वेळाने स्वतःच निघतं.

रांग बंद दिसली तर तुम्ही पाठवलेलं काम तिथे सुरक्षित आहे. पुन्हा पाठवू नका. घाई असेल आणि लॅब२ चालू असेल तर एलपीमूव्ह २४७ लॅब२ असं देऊन तेच काम तिकडे न्यायला प्रशासकाला सांगा. नको असेल तर कॅन्सल लॅब१-२४७. स्वतःचंच काम रद्द करता येतं. लॅपटॉपवरून पाठवलं असेल आणि तिथलं यूझरनेम लॅबच्या खात्यापेक्षा वेगळं असेल तर सर्व्हर तुम्हाला ओळखत नाही. अशा वेळी कॅन्सलला कॅपिटल यू देऊन ज्या नावाने पाठवलं ते नाव द्यावं लागतं.

प्रशासकांनी रांग सुरू करायची घाई करू नये. कप्सएनेबल दाबण्याआधी एलपीस्टॅट -ओ बघावं, एकाच माणसाची एकाच आकाराची सलग पाच कामं दिसली तर त्याला विचारून चार काढून टाकावी, मग सुरू करावं. आणि टोनर संपला म्हणून रांग बंद करताना कप्सडिसेबलला -आर देऊन कारण लिहावं. ‘टोनर संपलाय, ३ वाजता येईल’ एवढं लिहिलं की एलपीस्टॅट -पी बघणाऱ्या प्रत्येकाला ते दिसतं. हा पर्याय फार थोडे लोक वापरतात याचं वाईट वाटतं.

पानामागून पान कचरा निघायला लागला तर

प्रत्येक पानाच्या डोक्यावर एखादी अर्थहीन ओळ आणि बाकी कागद कोरा, असं सुरू झालं की पहिलं पान उचलून वाचा. सुरुवात टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ अशी असेल तर कुणीतरी -ओ रॉ किंवा एलपीआर -एल देऊन पीडीएफ न बदलता थेट पाठवली आहे, आणि प्रिंटरला पीडीएफ कळत नाही. टक्का, उद्गारचिन्ह आणि पीएस अशी सुरुवात असेल तर पोस्टस्क्रिप्ट (प्रिंटरला पान कसं दिसावं ते सांगणारी भाषा) न समजणाऱ्या प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट मिळतंय, बहुधा चुकीच्या ड्रायव्हरमुळे. प्रिंटर त्या फाईलला साधा मजकूर समजून ओळीमागून ओळ छापत सुटतो. वीस पानांची फाईल अशी शेकडो कागद खाऊ शकते.

इथे लोक आधी प्रिंटरचा स्विच बंद करतात. तो क्रम उलटा आहे. काम सर्व्हरवर जिवंत असतं, प्रिंटर चालू झाला की सर्व्हर ते पहिल्या बाइटपासून पुन्हा पाठवतो. आधी कागदाचा ट्रे बाहेर ओढा, म्हणजे नासाडी थांबेल. मग सर्व्हरवर काम कॅन्सल करा आणि रांगेतून गेल्याची खात्री करा. प्रिंटरच्या मेमरीत उरलेलं त्याच्या पॅनेलवरच्या कॅन्सल बटणाने काढा, तेवढ्याने नाही गेलं तरच स्विच. शेवटी ट्रे परत.

डॉट मॅट्रिक्सवर रॉ छपाई योग्यच असते, पण तिथे जिना पडतो: दुसरी ओळ पहिली संपली तिथून सुरू होते आणि मजकूर पायऱ्यापायऱ्यांनी उजवीकडे घसरतो. लिनक्सच्या फाईलमध्ये ओळ संपल्याचं एकच चिन्ह असतं, या प्रिंटरला दोन हवी असतात. युनिक्स२डॉस चालवून पाठवलं की जिना नाहीसा होतो.

प्रश्नपत्रिका छापताना

शिक्षकांसाठी हे महत्त्वाचं. गोपनीय फाईल पाठवून प्रिंटरकडे धावू नका. एलपीला कॅपिटल एचसोबत होल्ड द्या, काम रांगेत थांबेल. प्रिंटरशेजारच्या मशीनवर बसून एलपी -आय लॅब१-२४७ आणि कॅपिटल एचसोबत रिझ्यूम द्या, तेव्हाच कागद निघतील.

छापून झाल्यावरही फाईल सर्व्हरवरून लगेच जात नाही. कप्स छापलेल्या कामाची फाईल ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस स्पूल फोल्डरमध्ये (रांगेतल्या फाईल ठेवायच्या जागी) ठेवतं, आणि तोवर कॅपिटल एचसोबत रीस्टार्ट देऊन ती पुन्हा छापता येते. एरवी ही सोय आहे, प्रश्नपत्रिकेच्या बाबतीत धोका. प्रती हातात आल्या की कॅन्सल -एक्स लॅब१-२४७ द्या. एक्समुळे कामाबरोबर त्याची फाईलही पुसली जाते. मग एलपीस्टॅटला कॅपिटल डब्ल्यूसोबत कम्प्लीटेड देऊन २४७ यादीत उरलेलं नाही हे बघा आणि ट्रेमध्ये राहिलेलं एखादं पान उचलून घ्या.